बिनगाठीची भेट

एका राज्यात नाताळची भेट विकत घ्यायची चाल नव्हती. ज्याने त्याने आपल्या माणसांसाठी आपल्याच हाताने शिवावे, विणावे, भरावे, आणि नाताळच्या सकाळी दारच्या सुरूच्या झाडावर नेऊन टांगावे. सून सासूसाठी उशीचा अभ्रा भरी, सासू नातवाचे टोपरे शिवी, आणि थंडी पडू लागली की दाढीमिशांचे सेनापतीसुद्धा तलवार खुंटीला लावून मांडीवर कापड घेऊन बसत. शिवण्याची तिथे एक रीत होती. सुईत दोरा ओवला की ज्याच्यासाठी भेट त्याचे नाव घ्यायचे आणि दोऱ्याच्या टोकाला गाठ मारायची. नाव गाठीत राहते, असे त्या लोकांचे म्हणणे. गाठ नसलेली भेट तिथे अर्धीच समजत.

राजाचे नाव अबनेर, राणीचे रिबका. राजा लढाईत शूर, न्यायात चोख आणि सुईच्या बाबतीत साफ अडाणी. दर नाताळला तो राणीसाठी एक रुमाल शिवी. चार बाजू दुमडायच्या आणि चार बाजूंनी टीप घालायची, एवढेच काम. पण त्याची टीप निघे एकीकडे आणि पोचे भलतीकडे. राणी रुमाल उलटा करून मागची जाडजूड गाठ पाही, हसे, आणि वर्षभर तोच रुमाल कमरेला खोचून वावरे. मला विचाराल तर असे माणूस घरात असणे हे राज्य मिळण्यापेक्षा मोठे भाग्य. राजाला मात्र ते तेव्हा कळले नव्हते.

एका वर्षी तीन देशांचे राजदूत नाताळला येणार होते. राजाला आपल्या वाकड्या टिपेची लाज वाटली. अर्धा शिवलेला रुमाल उशीखाली दडवून तो काळ्या डोंगरावरच्या जिम्री नावाच्या जादूगाराकडे गेला. जिम्रीच्या गुहेत बारा पेट्यांचा खजिना होता, आणि त्या पेट्यांत कोणाच्याच हातांनी न केलेले भरतकाम होते. राजाने एक शाल निवडली. पांढऱ्या लोकरीवर अख्खी बाग भरलेली, लाल डाळिंबे आणि हिरवी पाने.

“ने,” जिम्री म्हणाला. “पण ती मी शिवली, असे मात्र म्हणू नकोस.”

नाताळच्या सकाळी राणीने शाल खांद्यावर घेतली. राजदूत वाहवा करू लागले. राणीने राजाकडे पाहिले आणि विचारले, “ही तुम्ही शिवली?”

राजा म्हणाला, “हो.”

त्याच क्षणी राणी दिसेनाशी झाली. शाल फरशीवर पडली होती, आणि शालीवरच्या डाळिंबाखाली निळ्या दोऱ्याने भरलेली बोटभर उंचीची एक बाई उभी होती. तिच्या कमरेला रुमाल खोचलेला होता. आणि त्याच क्षणी राज्यातली प्रत्येक गाठ सुटली. बैल दाव्यातून मोकळे झाले, होड्या काठ सोडून निघाल्या, निशाणे खाली आली. झाडांवर टांगलेल्या भेटी टाका टाका उसवत गेल्या आणि झाडाखाली दोऱ्यांचे ढीग झाले. अंगावरचे कपडेही गाठ मारूनच शिवलेले, तेव्हा तेही उसवले. राजदूतांनी हाताला लागतील ते पडदे गुंडाळले आणि निरोप न घेता ते आपापल्या देशी गेले.

राजा धावत काळ्या डोंगरावर गेला. त्याने जिम्रीचे पाय धरले, सगळा जामदारखाना देऊ केला. जिम्रीला जामदारखाना नको होता.

“तू शिवली म्हणालास,” तो म्हणाला, “आता शीव. तुझ्या हातची भेट नाताळच्या सकाळी झाडावर ठेव. संध्याकाळची घंटा होईपर्यंत ती उसवली नाही, तर राणी परत येईल आणि गाठी पुन्हा बसतील. तुला तीन नाताळ देतो. पहिला चुकला की शालीतला लाल रंग जाईल, दुसरा चुकला की हिरवा. तिसरा चुकला की निळा.”

शालीवर निळे काय होते ते सांगायला नको.

आता त्या राज्याची दशा ऐका. शिवलेले काही अंगावर टिकेना, म्हणून माणसे बिनशिवणीचे कापड गुंडाळत आणि ते पडू नये म्हणून एका हाताने कमरेशी धरून हिंडत. प्रधान एका हाताने कागद वाची, पहारेकरी एका हाताने भाला पेली, बायका एकाच हाताने नाताळच्या करंज्या करू बघत आणि सारण सांडून बसत. सगळे राज्य एकहाती झाले होते. नाताळ आला तरी कोणी कोणासाठी काही शिवेना. शिवायचे आणि उसवलेले बघायचे, याला काळीज लागते.

पहिल्या वर्षी राजाने चाळीस भरतकाम करणाऱ्या बायका बोलावल्या. त्यांनी त्या शालीसारखीच दुसरी शाल भरली, आणि शेवटचा एक टाका तेवढा राजाने घातला. नाताळच्या सकाळी न्याहारी व्हायच्या आत शाल उसवली. जुन्या शालीतली लाल डाळिंबे फिकी होत होत निघून गेली.

दुसऱ्या वर्षी राजाने स्वतः सुई धरली. वर्षभर बोटे टोचून घेतली, डाळिंबांची बाग भरली, प्रत्येक दोऱ्याला तिहेरी गाठ मारली, गाठीवर मेण ओतले, मेणावर डिंक लावला. त्या नाताळला त्याची शाल दुपारपर्यंत टिकली. मग गाठी एकेक करून सुटल्या, जुन्या शालीतली हिरवी पाने गेली, आणि कोऱ्या पांढऱ्या लोकरीवर ती निळी बाई एकटी उरली.

राजा बागेत जाऊन बसला. तो रडला, आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. समोरच्या झाडावर शिंपी पक्षी होता. चोचीने पानाच्या कडेला भोक पाडी, कापसाचा तंतू आतून ओढी, आणि दोन पाने जोडून घरटे शिवी. राज्यात सगळे उसवत असताना त्याचे घरटे शाबूत होते. राजाने त्याला हात जोडून कारण विचारले.

“माझ्या शिवणीला गाठ नसते,” पक्षी म्हणाला. “पण माणसाला शिकवणे मला जमणार नाही, मला चोच आहे. सीमेवरच्या कुरणात दबोरा नावाची बाई राहते. चल, दाखवतो.”

राजा एका हाताने वस्त्र सावरत पक्ष्याच्या मागे चालू लागला. तिसऱ्या दिवशी मेंढ्यांच्या कुरणात त्याला एक बाई दिसली. तिने बाह्या शिवलेली चोळी घातली होती, आणि चोळीचा एक टाकाही हललेला नव्हता. लहानपणी घाण्यात सापडून तिचा डावा हात मनगटापासून गेला होता. गाठ मारायला दोन हात लागतात, म्हणून तिने जन्मात कधी दोऱ्याला गाठ मारली नव्हती. दर नाताळला ती भाऊ गिदोन आणि त्याच्या मुलांसाठी काहीबाही शिवून पाठवी. गिदोनच्या घरचे लोक तिची भेट बिनगाठीची म्हणून झाडाच्या मागच्या अंगाला, भिंतीकडे टांगत. शाप आल्यावरही त्या भेटी तशाच धड राहिल्या, तर गावकरी म्हणाले, अर्ध्या भेटीला शाप तरी कशाला लागेल. माणसे डोळ्यांसमोरचे असे बघतात.

राजाने तिला सगळे सांगितले. खोटे बोललो तेही सांगितले. दबोरा मान खाली घालून ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, “महाराज, तीन कामे सांगते. ती करा, मग पुढचे बोलू.”

पहिले काम एका हाताने सुईत दोरा ओवायचे. राजाचा दुसरा हात सारखा मदतीला येई, आणि तो बांधून ठेवावा तर गाठ बसत नव्हती. शेवटी राजानेच तो पाठीमागे धरून ठेवला. वस्त्र घसरून पडले तेव्हा दबोराने आपण शिवलेला एक अंगरखा त्याच्याकडे फेकला आणि पाठ फिरवली. सकाळभर राजाने धडपड केली. सुई उशीत उभी टोचायची आणि दोरा ओठांनी ओला करून नेढ्याकडे न्यायचा, हे त्याला दुपारी सुचले. तेव्हा कुठे दोरा गेला.

दुसरे काम शेजारच्या कुंभारणीच्या तान्ह्या मुलीला टोपरे शिवायचे. दबोराने रीत दाखवली. चौकट गुडघ्यांत धरायची, कापड तिच्यावर ताणायचे, दोऱ्याचे बोटभर शेपूट मागे सोडायचे आणि पहिले सहा टाके त्या शेपटावरूनच घालायचे, म्हणजे शेपूट टाक्यांखाली दबून बसते. दोरा संपताना सुई मागच्या टाक्यांखालून न्यायची आणि कापायची. राजाने टोपरे शिवले, कुंभारणीने मुलीला घातले, आणि दुसऱ्या दिवशी ते उसवले. जन्माची सवय, एका ठिकाणी राजाच्या बोटांनी त्याच्या नकळत गाठ मारली होती. मुलीचे कान गार पडले होते. राजाने ते कान आपल्या तळहातांत धरून ऊबदार केले आणि टोपरे पहिल्यापासून शिवले. ते टिकले.

तिसरे काम नुसते उत्तर द्यायचे. दबोराने विचारले, की नाताळला काय शिवणार. राजा म्हणाला, डाळिंबांच्या बागेची शाल.

“राणीसाहेब तुमच्या हातचे काय वापरत होत्या?”

“रुमाल,” राजा म्हणाला.

“मग शाल कोणासाठी?”

जिम्रीने शाल मागितलीच नव्हती, हे राजाला तेव्हा पहिल्यांदा उमगले. शालीचा हट्ट त्याचा स्वतःचा, राजदूतांपुढे मिरवायचा. दोन वर्षे तो त्याच खोट्याला टाके घालत होता.

“पण एक सांगा,” तो म्हणाला. “गाठ नाही, मग राणीचे नाव कुठे ठेवू?”

“गाठ मारणाऱ्यांचे बरे असते, महाराज. ते नाव एकदा घेतात आणि मोकळे होतात,” दबोरा म्हणाली. “मला प्रत्येक टाक्याला घ्यावे लागते.”

राजाने सुई खाली ठेवली आणि त्या बाईला वाकून नमस्कार केला. इतकी वर्षे भिंतीकडे टांगल्या गेलेल्या त्या भेटींमध्ये गिदोनचे नाव किती हजार वेळा घेतलेले असेल, हा हिशेब कोणी करावा.

राजा घरी परतला. तीन वर्षांपूर्वी उशीखाली दडवलेला रुमाल उसवून नुसता चौकोनी तुकडा होऊन पडला होता. त्याने तोच घेतला. पुरे बारा दिवस तो खिडकीशी बसून शिवत होता आणि प्रत्येक टाक्याला रिबका, रिबका म्हणत होता. प्रधान दारात येऊन ऐके आणि आवाज न करता परत जाई. टीप सवयीप्रमाणे वाकडीच गेली. राजाने ती उसवून सरळ केली नाही.

तिसऱ्या नाताळच्या सकाळी त्याने रुमाल सुरूच्या फांदीवर पसरला. खाली ती पांढरी शाल ठेवली. सगळे नगर एका हाताने वस्त्र धरून भोवती उभे राहिले. सीमेवरून दबोराही आली होती. न्याहारीची वेळ टळली, रुमाल तसाच राहिला. दुपार टळली, तसाच राहिला. मग वारा सुटला, आणि शालीवरच्या निळ्या बाईची पावले फिकी होऊ लागली. राजाने पाहिले तर रुमालाच्या एका कोपऱ्यातला टाका सैल होऊन हलत होता. त्या टाक्याला प्रधान दारात आला होता आणि राजाने नाव अर्धेच घेतले होते.

निळा रंग गुडघ्यांपर्यंत गेला, कमरेपर्यंत गेला. हात लावला तर भेट मोडेल, न लावावा तर राणी जाईल. राजा रुमालाजवळ तोंड नेऊन उरलेले अर्धे नाव बोलला. वारा काही थांबला नाही. टाका हलत राहिला, पण सुटला नाही. आणि प्रार्थनामंदिराची घंटा झाली.

राणी झाडाखाली उभी होती. शाल कोरी होती. तीन वर्षे त्या बागेत राणीच्या अंगावर दव पडत होते, तेव्हा तिने पहिल्यांदा दोन शिंका दिल्या आणि समोर दिसला तो फांदीवरचा रुमाल घेऊन नाक पुसले. मग रुमालाकडे पाहिले, आणि तोच प्रश्न विचारला.

“हा तुम्ही शिवला?”

“हो,” राजा म्हणाला. “वाकडा झाला आहे.”

राणीने रुमाल उलटा केला. “आणि गाठ?”

“गाठ नाही. तुझे नाव प्रत्येक टाक्यात आहे. एका टाक्यात दोनदा मिळून घेतले आहे.”

राणी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने रुमाल कमरेला खोचला.

त्या घटकेपासून गाठी पुन्हा बसू लागल्या. माणसांचे दोन्ही हात मोकळे झाले, आणि कित्येकांनी त्यांचा पहिला उपयोग आपल्या माणसाला जवळ घेण्यासाठी केला. काळ्या डोंगरावरच्या बारा पेट्या उघडून पाहिल्या तर आत नुसता कोरा कपडा होता, आणि जिम्रीचा पत्ता नव्हता. तो कपडा राजाने घरोघर वाटला, पुढच्या नाताळच्या शिवणासाठी. दबोराला त्याने विचारले, काय देऊ. ती म्हणाली, माझी भेट भावाच्या झाडावर पुढच्या बाजूला टांगलेली बघायची आहे. पण त्यासाठी राजाला हुकूम द्यावा लागलाच नाही. गिदोन त्या गर्दीतच होता, आणि तो बहिणीचा हात धरून तिला घरी घेऊन गेला.

रुमाल जामदारखान्यात, काचेखाली ठेवावा, असे प्रधानाचे म्हणणे होते. राणीने तो धुतला आणि अंगणात दोरी बांधून तिच्यावर वाळत घातला. दोरीच्या दोन्ही टोकांना तिने स्वतःच्या हाताने गाठी मारल्या होत्या, आणि त्या दिवसभर सुटल्या नाहीत.