सातव्या होलवरची पाळी

आमच्या गोल्फ कोर्सवर धुकं उतरलं की सातव्या होलवर कुणी जात नाही. तिथल्या दरीत हरवलेला चेंडू शोधता शोधता ब्रिगेडियर रणदिवे वारले. नियमांचे भारी कडक. आता धुक्यात भेटेल त्याला खेळायला लावतात, आणि हरलेला माणूस परत येत नाही.

एकदा मृदुला टिपणीस त्यांच्या तावडीत सापडली. तिनं लांब फटक्याचा मोह टाळून चेंडू फक्त दरीपलीकडे टाकला.

"एवढाच?" ब्रिगेडियर हसले. "मार पुढचा."

"आधी तुम्ही, सर. ज्याचा चेंडू होलपासून लांब, त्यानं आधी मारायचं. माझा दरीपलीकडे आलाय, तुमचा अजून दरीतच आहे."

ब्रिगेडियर चेंडू शोधायला दरीत उतरले.

मृदुला सुखरूप घरी पोचली. पण धुकं पडलं की आजही दार लावून घेते. त्यांना चेंडू सापडला, तर पुढची पाळी तिची आहे.