चौथा पडदा

नारायणवाडीच्या बाजार समितीत चार मोठे पडदे बसवले गेले. ते चारही एकाच संगणकावर चालवणारं ग्राफिक्स कार्ड निवडायचं काम ऑपरेटर नसीमा तांबोळीकडे आलं. तिनं चार केबली जोडता येतील असं साधं कार्ड निवडलं.

सभापती रंगराव टेकवडे यांच्या मनात गेम खेळणाऱ्यांचं महागडं कार्ड भरलं होतं. त्याला तीन पंखे होते, रंगीत दिवे होते आणि ते त्यांच्या मेहुण्यांच्या दुकानात होतं. केबलींच्या जागा तेवढ्या तीनच होत्या.

"नसीमाबाई, माणसानं ताकद बघावी," भर सभेत सभापती म्हणाले. "तुम्ही भोकं काय मोजत बसलात?"

सगळे संचालक हसले. नसीमा हसणं थांबेपर्यंत उभी राहिली.

"बरोबर आहे, साहेब. तुमचंच कार्ड आणू. फक्त चारातला कोणता पडदा बंद ठेवायचा, ते सांगा. टोमॅटोचे भाव बंद ठेवले, तर शेतकरी ओरडतील. कांद्याचे ठेवले, तर व्यापारी येतील. डाळिंबाचे ठेवले, तर दोघंही येतील. चौथ्यावर दिवसभर तुमचा फोटो आणि संदेश असणार आहे. तो बंद ठेवला, तर एकही तक्रार येणार नाही, याची मी खात्री देते."

आता कुणीच हसलं नाही, पण दोन संचालकांना एकदम खोकला आला.

सभापतींनी सावकाश चष्मा पुसला आणि ते सचिवांकडे वळले.

"चार जागांचंच मागवा," ते गंभीरपणे म्हणाले. "शेवटी शेतकऱ्यांच्या भावाचा प्रश्न आहे."