भिवराआईची पुडी

फार वर्षांपूर्वी, धामणखोरला अजून गाडीवाटही नव्हती, तेव्हा तिथं भिवराआई नावाची वैदीण राहायची. तापावर ती काडेचिराईताची पूड द्यायची. पुडी पळसाच्या पानाची, वर लाल दोऱ्याच्या तीन गाठी. त्या गाठी दिसल्या की निम्मा ताप उंबऱ्यातच उतरायचा, असं म्हणतात.

पूड अशी कडूजहर, की घेणाऱ्याचं तोंड दोन दिवस वाकडं. लोक कुरकुरत घ्यायचे, बरे व्हायचे आणि पान-दोरा उकिरड्यावर भिरकावून द्यायचे. तिथंच गाव चुकलं.

एका साली तापाची साथ आली. कुणी परगावच्या माणसानं उकिरड्यांवरची ती पानं नि दोरे वेचले आणि आठवडी बाजारात भिवराआईच्या नावानं पुड्या विकायला बसला. सटवा कुंभारानं चार नेल्या. त्याच्या बायकोला, गिरजाला, त्यातल्या तीन दिल्या तरी ताप चढतच गेला. शेवटी उरलेली पुडी घेऊन तो भिवराआईच्या दारात आला.

"आई, तुझ्या औषधानं माझी बायको चालली."

म्हातारीनं पुडी सोडून चिमूटभर जिभेला लावली.

"माझं चिराईत गोड कधी झालं रं?"

आधी तिनं जाऊन गिरजाला खरी पूड पाजली. मग सटवाकडची ती पुडी घेऊन थेट बाजार गाठला. भांडली नाही. विकणाऱ्यासमोर दोन पुड्या मातीत उघडल्या, एक तिची, एक त्याची.

"आता मुंग्यांना विचारू," म्हणाली.

असं म्हणतात, सात गावांच्या मुंग्या आल्या. खऱ्या पुडीला वळसा घालून त्या खोटीवर तुटून पडल्या. पीठसाखरच होती ती. मग त्यांनी विकणाऱ्याच्या पुड्यांचा सगळा ढीग उचलला, खालच्या गोणपाटासकट. तो भामटा धोतर सावरत पळाला, तो पुन्हा दिसला नाही.

चौथ्या दिवशी गिरजा उठून बसली नि म्हणाली, "किती कडू गं बाई." ते ऐकून सटवा ढसाढसा रडला.

आज धामणखोरला औषधाचं दुकान आहे. गोळ्यांच्या बाबतीत मुंग्यांवर विसंबून चालत नाही, म्हणून माणसं नाव नि तारीख मोठ्यानं वाचून घेतात, पावती मागतात. दुकानदार रागावत नाही, तोही इथलाच. आणि औषध संपलं, की घरातलं मोठं माणूस रिकामं पाकीट बारीक फाडतं, बाटलीवरचा कागद खरवडतं आणि म्हणतं, "भिवराआई, तुझं नाव कुणाच्या हाती लागू दिलं नाही."