टिटवीची एक हाक

डोंगर आणि रान यांच्या मधून एक नदी वाहत होती. रानाच्या काठावर गवे चरत, पाण्यात पाणमांजरं राहत आणि झाडांच्या शेंड्यांवर कोतवाल पक्ष्यांची वस्ती होती. तिघेही मोठे शूर. पण मुलांनो, शूर माणसांची एक खोड असते, ती या प्राण्यांनाही होती. आपल्यापुढे दुसरा कोणी शूर आहे, हे त्यांना मुळी पटतच नसे.

एका वैशाखात पाणी उतरलं आणि डोंगरातली रानकुत्री नदी ओलांडून आली. कोतवालांनी ती सर्वांत आधी पाहिली, पण बातमी सांगितली फक्त आपल्याच थव्याला. पाणमांजरांनी पाण्यात झुंज दिली. ती खळबळ ऐकून गवे बेभान होऊन नदीत घुसले, ते पाणमांजरांनाच तुडवत. तेवढ्यात कुत्र्यांनी मागून दोन वासरं उचलली. आणि गंमत अशी, की दुसऱ्या दिवशी रानात तीन ठिकाणी तीन सत्कार झाले! प्रत्येकाने आपापल्या वीरांना ओवाळलं.

नदीच्या मधल्या वाळूवर एक टिटवी राहत असे. ती काठावर येऊन म्हणाली, "तुमचे तिन्ही सत्कार मी पाहिले. वासरं तेवढी कुठे दिसली नाहीत."

गव्यांचा म्होरक्या फुरफुरला. "मग तू काय करणार?"

"मी जमिनीवर अंडी घालते, पाण्याकाठी चरते आणि हवेत उडते. मला तिन्हीकडचं थोडं थोडं कळतं. लढा तुम्हीच, पण हाक एकाचीच असू द्या."

"ऐका! टिटवी समुद्र आटवायला निघाली!" म्होरक्या म्हणाला आणि सगळे खो खो हसले. तेव्हा वासरू गमावलेली एक आई पुढे आली. "हसू नका," ती म्हणाली. "माझं वासरू गेलं, तेव्हाही तुम्ही सगळे शूरच होतात."

मग मात्र कोणी हसलं नाही. काठावरच्या अर्जुनाच्या झाडाखाली टिटवीची जागा ठरली. तिच्याजवळ एक गवा, एक पाणमांजर आणि एक कोतवाल असे तिघे बसू लागले. बातमी कोणाचीही असो, ती आधी तिथे यायची आणि हुकूम तिथूनच सुटायचा. पहिल्या सरावाची पार फजिती झाली. गवे हाकेआधीच धावले, कोतवाल एकमेकांवरच आपटले. पण वर्षभर सराव चालला. सगळ्यांत अवघड धडा गव्यांच्या वाट्याला आला होता : नुसतं उभं राहायचं.

पुढच्या वैशाखात, उन्हं नुकती वर आली होती, तेव्हा कोतवाल अर्जुनावर उतरला. "बारा कुत्री. डोंगराकडून."

कुत्री उथळ पाण्यातून मधल्या वाळूवर चढली. तिथेच टिटवीची चार अंडी होती.

"जाऊ का?" म्होरक्याने खूर आपटला.

"थांबा."

"अगं बाई, तुझी अंडी!"

"दिसताहेत मला. आत्ता गेलात तर ती उथळातून माघारी पळतील आणि उद्या दुसरीकडून येतील. अलीकडच्या खोल पाण्यात उतरू द्या त्यांना. थांबा."

तिचा आवाज कापत होता, पण शब्द बदलला नाही. एका कुत्र्याचा पाय घरट्यात पडला. टिटवीने डोळे मिटले नाहीत. शेवटचं कुत्रं खोल पाण्यात उतरलं आणि तिने हाक दिली.

वरून कोतवाल डोळ्यांवर झेपावले. खालून पाणमांजरांनी पाय ओढले. गुदमरत, ठेचकाळत कुत्री काठाला लागली, तर समोर शिंगांची भिंत! एकही गवा पाण्यात उतरला नाही, एकाही पाणमांजराला खूर लागला नाही. बाराच्या बारा कुत्री शेपूट घालून प्रवाहाबरोबर वाहत गेली, ती पुन्हा त्या रानाकडे फिरकली नाहीत. सगळी वासरं आपापल्या आयांच्या पोटाशी सुखरूप होती. रान आनंदाने दुमदुमलं आणि त्या दिवशी सत्कार एकच झाला.

टिटवी मात्र आधी वाळूवर गेली. चारांतलं एक अंडं फुटलं होतं. मागोमाग गव्यांचा म्होरक्या जपून पाऊल टाकत आला आणि उन्हाकडे पाठ करून उभा राहिला. त्याची भलीमोठी सावली उरलेल्या तीन अंड्यांवर पडली.

बऱ्याच वेळाने त्याने हळूच विचारलं, "टिटवीबाई, आता हलू का?"

"थांबा," टिटवी म्हणाली.

आणि तो थांबला. अंडी फुटून तीन पिल्लं बाहेर येईपर्यंत, रोज दुपारी.

तात्पर्य : शौर्य ज्याचं त्याचं असतं, पण सगळे एका हाकेला थांबायला आणि एका हाकेला धावायला शिकले, की विजय सर्वांचा होतो.