तबूची वचनं आणि वालाच्या फुलातली परी

बाळांनो, जरा सरकून बसा, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल. डोंगराच्या कुशीत एक वाडी होती. वाडीच्या टोकाला लाल कौलांचं चर्च होतं आणि चर्चच्या मागे एक चिमुकलं घर. त्या घरात तबिथा नावाची मुलगी राहायची. सगळे तिला तबू म्हणत. तबूच्या फ्रॉकला ठिगळंच ठिगळं होती, पण ठिगळं तरी कशी? एक लाल, एक पिवळं, एक मोरपिशी! तबू पळायला लागली की वाटायचं, फुलपाखरूच निघालंय.

तबूला वडील नव्हते. होती फक्त आई, एक ठिपक्यांची कोंबडी आणि घरामागची इवलीशी वालाची बाग. आईला अक्षर वाचता येत नव्हतं, पण पवित्र शास्त्रातली वचनं तिला ढीगभर पाठ होती. तिनं प्रत्येक वचन एकेका कामाला बांधून टाकलं होतं. चूल पेटवताना एक म्हणायचं, पाणी शेंदताना दुसरं, शेंगा तोडताना तिसरं. तबू अगदी रांगायची तेव्हापासून आईच्या मागे मागे ही वचनं ऐकत आली होती.

आणि मग आईला ताप आला. साधासुधा नाही, उतरायचं नावच घेईना असा. वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. "पोरी, माझ्या पोतडीतली औषधं संपली. आता देवाचाच आधार."

"तो आहेच की," तबू म्हणाली. पण बुवा गेल्यावर ती दाराआड जाऊन खूप रडली. आईशिवाय तिला कुणीच नव्हतं हो!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बागेत गेली. वेलींवर जांभळी जांभळी फुलं डोलत होती आणि पानापानावर दवाचे टपोरे मोती चमकत होते. तेवढ्यात एक फूल आपोआप उघडलं. आतून एक इटुकली परी बाहेर आली. तिचे पंख जांभळे, झगा रुपेरी आणि केसांत दवाची बारीक माळ.

"घाबरू नकोस गं," परी म्हणाली. "मी तुझी एक इच्छा पुरी करीन."

"माझ्या आईला बरं करा, परीताई!" तबूनं श्वासही घेतला नाही.

"करीन. पण तुझ्याकडचं सगळ्यात चमकदार जे असेल, ते मला द्यावं लागेल."

तबूनं स्वतःच्या फ्रॉककडे पाहिलं. "माझ्याकडे काहीच चमकत नाही."

"चमकतं की. तुझ्या मनातली वचनं. मला तुझ्या कपाळाआड दिव्यांची रांग दिसतेय. पण दिलीस तर तुला त्यातलं एकही आठवणार नाही."

वचनं म्हणजे तबूची सगळी दौलत. पण तिनं झटकन विचार केला. "वचन विकायचं नसतं, ते फुकट वाटायचं असतं. तुम्ही घ्या. आईला सगळी येतात. ती बरी झाली की मला पुन्हा शिकवेल."

परीनं तबूच्या कपाळाला बोट लावलं. सोनेरी ठिणग्या भुर्रकन उडाल्या आणि परीच्या चिमण्या पिशवीत जाऊन बसल्या. मग परीनं तिला काचेची छोटीशी कुपी दिली. कुपीत दव होतं.

"हे संध्याकाळी आईला पाज. पण नियम ऐक. तू मला जी वचनं दिलीस, तशीच सूर्य मावळेपर्यंत वागलीस, तरच याचं औषध होईल. नाहीतर हे नुसतं पाणी."

"अहो, पण मला आठवतच नाहीत, तर मी तशी वागू कशी?"

"नियम काही मी केलेला नाही," परी म्हणाली आणि फुलात शिरून तिनं पाकळ्या लावून घेतल्या. परीलोकातही नियम करणारे आणि निस्तरणारे वेगळेच असतात, समजलं?

तबूनं कुपी फ्रॉकच्या खिशात ठेवली आणि घागर उचलली. रडत बसून भागणार नव्हतं. पाणी तर आणायलाच हवं होतं.

विहिरीवर शेजारच्या सलोमीकाकू उभ्या होत्या. त्यांचा आणि तबूच्या आईचा अबोला होता. तबूला पाहताच काकू कडाडल्या, "तुमच्या त्या भवानी कोंबडीनं माझी कोथिंबीर फस्त केली! आणि आता माझा दोरही तुटला, पोहरा गेला तळाला!"

'तुमचा बोकड आमच्या वेली खातो तेव्हा?' हे शब्द तबूच्या जिभेवर अगदी तयार होते. पण ते बाहेर पडेचनात. ओठ आपोआप मऊ झाले.

"काकू, चुकलंच तिचं. तिला मी कोंडून ठेवीन. आणा तुमचा हंडा, आधी तुमचा भरते."

तिनं स्वतःचा पोहरा सोडला. तोंडात वचन नव्हतं, तरी हात जुन्याच ठेक्यात दोर ओढत राहिले. काकूंचा हंडा काठोकाठ भरला. काकू डोक्यावर हंडा घेऊन चालू लागल्या. आभाराचं नाव नाही! पण या खेपेला त्या ओरडल्याही नाहीत.

मग तबू शेंगा तोडायला बसली. शेंगा लवकर संपल्या आणि टोपली अर्धीच भरली. कुंपणाकडची ओळ तेवढी शेंगांनी लगडलेली होती. तबूनं हात पुढे केला. हात थांबला. पुन्हा पुढे केला, पुन्हा थांबला. 'घरात काही नाही आणि मी वेड्यासारखी का थांबतेय?' तिला काही सुचेना. शेवटी ती अर्धी टोपली घेऊनच उठली. थोड्या वेळानं तान्ह्या बाळाला झोळीत घेतलेली एक परगावची बाई कुंपणाशी आली, तिनं त्या शेंगा ओटीत भरल्या आणि हसत पुढच्या वाटेला लागली.

सूर्य डोंगराआड टेकला. तबूनं कुपी बाहेर काढली. आपण बरोबर वागलो की चुकलो, तिला काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. तिनं आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि कुपी ओठांना लावली. "देवा, मला काही आठवत नाही. पण तुला तर मी आठवतेय ना?"

आईनं दव गिळलं. गाल आधी गुलाबी झाले. मग कपाळ निवलं. मग आईनं डोळे उघडले आणि ती चक्क उठून बसली!

"तबू, दिवा लावलास? चल, प्रार्थना करू. म्हण वचन."

तबू हसत होती आणि रडतही होती. "आई, मला आता एकही येत नाही. तू सांग."

आई रागावली नाही. तिनं तबूला जवळ ओढलं. "बरं, ऐक. जो आपल्याशी वाकडा वागतो, त्याला तहान लागली तर त्याला पाणी द्यावं."

तबू ताडकन उभी राहिली. "अगं आई, हे तर मी सकाळीच केलं!"

"होय? मग दुसरं. रागाला मऊ उत्तर द्यावं, राग विरघळतो."

"हेही केलं!"

"आणि पीक काढताना काठाचं सगळं खुडू नये. ते गरिबाचं आणि परक्याचं."

"म्हणून माझा हात पुढे जात नव्हता होय!"

खिडकीतून खुदकन हसू ऐकू आलं. परी तिथं बसली होती. "मी तर नुसते शब्द नेले होते गं! ते आता आईकडून पुन्हा शीक!" ती म्हणाली आणि तिनं पिशवी उलटी केली. ठिणग्या घरभर उडाल्या. भिंती सोनेरी झाल्या, पातेली चमकली, ठिगळं मोरासारखी झळाळली. परी त्या उजेडात विरघळत गेली, आणि मग खिडकीत फक्त वालाचं एक जांभळं फूल उरलं.

आई थक्क होऊन बघत राहिली. तबूनं तिचा पदर ओढला.

"आई, थांबू नकोस ना! पुढची वचनं सांग. मी आणखी काय काय केलंय, ते मला कळू दे!"