कोलनच्या आधी काही नाही

एका पालिकेच्या पाणीपुरवठ्याचा नवा सर्व्हर दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचा होता. तो उभारणारे सल्लागार भडकमकर म्हणतील ती पूर्व दिशा. कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायची याची यादी त्यांच्या स्क्रिप्टमध्ये होती, दोन नावांमध्ये एक कोलन. ऑपरेटर रुक्साना मुजावरला दिसलं, की यादीची सुरुवातच कोलनने होतेय.

"साहेब, आधीचं नाव राहिलंय. रिकामी जागा दिसली, की मशीन आपण उभे असू त्याच फोल्डरमध्ये आधी शोधतं. तिथे कुणीही काहीही ठेवेल."

"बाई, कोलनच्या आधी काही नाही. जे नाहीच, ते काय बिघडवणार?" भडकमकर शेजारी बसलेल्या मुख्याधिकाऱ्यांकडे बघून हसले.

जेवणाच्या सुट्टीत रुक्सानाने सगळ्यांना खुल्या असलेल्या फोल्डरमध्ये छोटीशी फाइल ठेवली. फायलींची यादी दाखवणाऱ्या 'एलएस' कमांडचंच नाव तिने तिला दिलं.

सुट्टीनंतर तोच फोल्डर उघडून ती म्हणाली, "साहेब, या फोल्डरमध्ये काय काय आहे, जरा बघता?"

भडकमकरांनी ऐटीत एलएस टाइप केलं. यादी आलीच नाही. पडद्यावर उमटलं, 'कोलनच्या आधी मी बसलेय. रुक्साना.'

मुख्याधिकाऱ्यांनी तिलाच विचारलं, "मग उद्या पाणी सोडायचं ना?"

"सोडू की. एवढं एक कोलन खोडते."

भडकमकरांनी खुर्ची रिकामी केली.