टेबल सोडून निघालेला संगणक

कृष्णाकाठच्या एका बाजारगावी गजेंद्र लोणारी नावाचा कारागीर लग्नाचे अल्बम रचून देत असे. छायाचित्रे दुसऱ्यांनी काढावीत आणि पाने गजेंद्राने लावावीत, अशी त्या पंचक्रोशीची रीतच होती. त्याच्या दुकानात एक टेबल, टेबलावर जुना डेस्कटॉप आणि समोर दोनच खुर्च्या होत्या. लग्न झाले की नवरा-नवरी येत, त्या खुर्च्यांवर बसत, आपसांत थोडे भांडत आणि एका दुपारीत सगळी पाने ठरवून उठत. ठरल्या दिवशी अल्बम हाती पडे. वीस वर्षांत गजेंद्राने दिलेला शब्द एकदाही मोडला नव्हता.

ज्येष्ठाच्या आरंभी तो डेस्कटॉप बंद पडला आणि पुन्हा सुरू झालाच नाही. गजेंद्र शहरात गेला. दुकानदाराने त्याच्यापुढे दोन यंत्रे ठेवली : एक नवा डेस्कटॉप आणि एक पाटाएवढा ऐसपैस लॅपटॉप.

"यात सरस कोणता?" गजेंद्राने विचारले.

"तुमच्या कामाला दोन्ही पुरून उरतील. डेस्कटॉप स्वस्त. लॅपटॉप महाग, पण कुठेही नेता येतो." दुकानदाराने सांगितले. "तुम्हाला कुठे न्यायचा आहे?"

न्यायचा तर कुठेच नव्हता. परंतु 'कुठेही' हा शब्द त्याच्या मनात घर करून बसला होता. त्याने लॅपटॉप घेतला.

घरी त्याच्या बायकोने, शालनने, पिशवी उचलून पाहिली. "अगं बाई! हे खांद्यावर घेऊन हिंडणार? त्यापेक्षा पाटा-वरवंटा बरा."

"सगळं जग फिरतंय, मीच का एका जागी बसू?"

"जगाचे गुडघे दुखत नाहीत," शालन म्हणाली.

ज्येष्ठ सरताना वैजयंती आगटे आणि कौस्तुभ बेहेरे यांचे लग्न झाले. श्रावणातल्या पहिल्या मंगळवारी वैजयंतीची मंगळागौर होती. त्या दिवशी अल्बम सर्वांसमोर मांडायचा, असे तिने सांगितले आणि गजेंद्राने शब्द दिला. "दुकानात कधी येऊ आम्ही?" तिने विचारले.

"तुम्ही कशाला येता? मीच घरी येतो," गजेंद्र ऐटीत म्हणाला.

तो आधी आगट्यांकडे गेला. वैजयंती अर्थातच सासरी होती. तेथे पोहे आले, चहा आला, यंत्राचे कौतुक झाले आणि पडद्यापुढे सोळा माणसे दाटली. मुलीचे नानामामा उसळून म्हणाले, "मुलीच्या पाठीशी मी उभा, आणि पानावर माझा नुसता कोपर?" गजेंद्राने मामांना पानभर केले. तासाभरात बॅटरी संपली. वीज घ्यायची जागा फ्रिजच्या मागे होती, म्हणून सोळाच्या सोळा माणसे स्वयंपाकघरात सरकली.

दुसऱ्या दिवशी बेहेऱ्यांकडे तोच प्रकार झाला. कौस्तुभ कामावर गेला होता आणि वैजयंती आत चहा गाळत होती. कौस्तुभच्या बापूकाकांनी चष्मा वर केला. "हे कोण गृहस्थ पानभर पसरलेत? आणि वराकडचा एकही माणूस नाही?" गजेंद्राने मामांना कापले आणि काकांना बसवले.

मग फोन सुरू झाले. "लोणारी, यंत्र तर तुमच्या खांद्यावरच असतं. या की जरा!" त्या 'जरा'त तीन-तीन तास जात. आगट्यांकडे बसवलेले पान बेहेऱ्यांकडे उसवे, बेहेऱ्यांकडे शिवलेले आगट्यांकडे फाटे. गजेंद्राने मामांना शिव्या दिल्या, काकांना दिल्या, बॅटरीला आणि आपल्या खांद्यालाही दिल्या. परंतु फोन वाजला की त्याची जीभ "येतो" एवढेच म्हणे. असे अकरा हेलपाटे झाले.

मंगळवार उजाडला. बेहेऱ्यांच्या घरात झिम्मा-फुगड्यांची तयारी चालली होती. अल्बमसाठी मांडलेला चौरंग रिकामाच होता. उंबऱ्याबाहेर उभे राहून गजेंद्राला वीस वर्षांत प्रथमच सांगावे लागले, "अजून झाला नाही." वैजयंतीने चौरंग उचलून आत नेला.

दुसऱ्या दिवशी ती आणि कौस्तुभ दुकानात आले. दोन्ही खुर्च्यांवर लॅपटॉपचा रिकामा खोका आणि रद्द पानांचा ढीग होता. तिला पाहताच गजेंद्राचा बांध फुटला. "तुमच्या माणसांनी मला अकरा वेळा नाचवलं, ताई! अकरा वेळा!"

वैजयंतीने खोका खाली ठेवला, कौस्तुभने पानांचा ढीग उचलला आणि दोघे खुर्च्यांवर बसली. वैजयंती म्हणाली, "नाचवलं खरं. मामांना विचारलंत, काकांना विचारलंत, दोन्ही घरच्या पाहुण्यांनासुद्धा विचारलंत. लग्न कोणाचं होतं, लोणारीकाका?"

गजेंद्राने लॅपटॉप जुन्या टेबलावर ठेवला आणि जुन्याच जागी त्याची वायर लावली. नवरा-नवरी आपसांत थोडे भांडले. जिलेबीच्या एकाच ताटावर वाकून मामा आणि काका हुज्जत घालत असल्याचे एक छायाचित्र वैजयंतीने शोधून काढले. "या दोघांना एकाच पानावर बसवा," ती हसून म्हणाली. दुपार संपण्याआधी सगळी पाने ठरली.

ती दोघे गेल्यावर गजेंद्राने लॅपटॉपची पिशवी झटकली आणि घरी जाऊन शालनच्या हाती दिली. "कांद्यांना घे."

संध्याकाळी बापूकाकांचा फोन आला. "लोणारी, एकच पान बदलायचंय. या की जरा, लॅपटॉप घेऊन."

"पिशवीत कांदे भरलेत, बापूकाका," गजेंद्र शांतपणे म्हणाला. "आणि दुकानात खुर्च्या दोनच आहेत. त्यांवर नवरा-नवरीच बसतात."

तात्पर्य: साधन कुठवर जाऊ शकते, हे पाहून ते निवडू नये. आपले काम कुठे बसून होते आणि त्यात कोणाचे मत चालावे, हे आधी ओळखावे. हे ज्याला ओळखता येत नाही, त्याला बलाढ्य साधनही दारोदार हिंडवते.